उजवीकडची रांगोळी

आईची रांगोळी अर्धीच असते, हे पहिल्यांदा शेजारच्या काकूंच्या लक्षात आलं. सकाळी दूध घालून परत जाताना त्या आमच्या दारात थांबल्या, खाली बघितलं आणि म्हणाल्या, "आज पुरी करायला सवड न्हाय झाली व्हय?"

"पुरीच हाय की," आई आतून, कॉटवरून म्हणाली. "चष्मा बदल तुझा."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि मी रांगोळीकडे. उजवीकडे पाकळ्या, पाकळ्यांत कळ्या, कडेनं वेल, सगळं जिथल्या तिथं. मधल्या ठिपक्यापाशी मात्र रेघ थांबली होती आणि तिच्या डावीकडे नुसते ठिपके होते. ते ठिपकेही आदल्या संध्याकाळी मीच मांडून दिलेले.

ऊस तुटायच्या दिवसांत आईला अर्धांगाचा झटका आला होता. बारामतीच्या दवाखान्यात बरेच दिवस काढले. डावा हात गेला, डावा पाय काठीच्या आधारानं थोडाफार परत आला. जीभ शाबूत राहिली आणि तिची धारही. आता सुटलो असं समजून आम्ही तिला शेळगावला घरी आणलं, आणि मग एकेक गोष्ट दिसायला लागली. ताटातली उजवीकडची भाजी संपली की ती "कालवण वाढा की" म्हणायची, आणि डावीकडे वाटीभर आमटी निवत असायची. केस विंचरायची तेही उजवीकडचेच. भाकरी मधोमध मोडल्यासारखी खायची, अर्धी ताटात राहायची, आणि आम्ही तिला पोटभर वाढत नाही अशी तक्रार करायची.

व्यायाम शिकवायला बारामतीहून एक बाई यायच्या. घरात सगळे त्यांना डॉक्टरीणबाई म्हणतात. त्यांनी समजावून सांगितलं की डोळे चांगले आहेत, डोळ्यांना डावी बाजू दिसते, पण डावी बाजू असते हेच मेंदू विसरलाय. उपाय त्यांनी एकच सांगितला. पाण्याचा तांब्या डावीकडे ठेवा, बोलायचं ते डावीकडून बोला, बसायचं तर डावीकडे बसा. आज ना उद्या मान वळेल. कंटाळू नका.

मी कंटाळले. वहिनी कंटाळली नाही.

मी बारामतीत एका शाळेत गणित शिकवते. शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की स्कूटर काढायची, उसाच्या ट्रॉल्यांमागून वाट काढत शेळगाव गाठायचं आणि रविवारी संध्याकाळी परतायचं, असा माझा क्रम. बाकी सगळा आठवडा आई वहिनीच्या हाती. भाऊ रानात असतो. थोडा ऊस आणि थोडं डाळिंब, त्यात त्याचा दिवस जातो. आईची अंघोळ, कपडे, जेवण, औषध, व्यायाम, सगळं वहिनी करते, आणि करताना एकटीच बोलत असते. तिचं तोंड बंद असलेलं मी क्वचितच पाहिलं आहे.

आईची कॉट सोप्यात होती. तिच्या उजव्या हाताला बाहेरचं दार, डाव्या हाताला स्वयंपाकघराचं. वहिनीनं डावीकडे एक स्टूल ठेवलं आणि ते जणू आपल्या नावावर करून घेतलं. मेथी निवडायची तर तिथं, लसूण सोलायचा तर तिथं, दुपारी घटकाभर टेकायचं तर तिथंच. पाहुणे मात्र बाहेरच्या दारातून आत येत आणि साहजिकच उजवीकडे बसत. ते आईला दिसत. मग आई त्यांना सांगायची, "सून व्हय? वाऱ्यागत येती आन जाती. माझ्यापाशी कुनी बसत न्हाय बगा."

हे ती सांगत असताना वहिनी तिच्यापासून हातभर अंतरावर मेथी निवडत असायची. पाहुणा एकदा आईकडे बघायचा, एकदा वहिनीकडे, आणि चहा लवकर संपवायचा. समोर बसून पाहिलेल्यांना खरं काय ते कळायचं. पण बोलणं गावात फिरताना पाहुण्यासोबत स्टूल फिरत नाही. सुनेनं म्हातारीला टाकलं, असं दोन-तीन ठिकाणांहून फिरून आमच्याच कानावर आलं.

"तू उजवीकडं बस," मी वहिनीला म्हणाले. "तिला दिसशील तरी."

"मग त्या मान वळवतील कशाला?" ती म्हणाली. "डॉक्टरीनबाई काय सांगून गेल्यात? मी हितनं उठले की सपलं. वन्सं, एक दिस त्या वळतील आन मी त्यास्नी हितंच दिसंन."

"आणि तोवर लोकांचं ऐकत बसणार?"

"लोक काय हो. त्या काय म्हनत्यात त्येचं वाईट वाटतं." एवढं बोलून ती पुन्हा मेथीकडे वळली.

हाताला आवडीचं काम द्या, हेही डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं होतं. आईच्या आवडीची कामं दोनच, रांगोळी आणि गोधडी. जमिनीवर बसणं तिला शक्य नव्हतं, म्हणून मी प्लायवूडचा चौकोनी तुकडा आणला आणि त्याला गेरू फासला. कॉटवर बसून जेवायला एक बुटकं टेबल होतं, त्यावर तो ठेवायचा, मी ठिपके मांडून द्यायचे, आईनं सकाळी रांगोळी काढायची, आणि मग फळी हलक्या हातानं उचलून उंबऱ्याबाहेर ठेवायची. काकूंनी पाहिली ती अशी पहिलीच.

ठिपके मी मांडायचे, याची मला गंमत वाटत होती. कारण ठिपके मांडायला मला आईनंच शिकवलं, आणि शिकवलं म्हणजे सोपं केलं असं नाही. तेव्हा अंगण शेणानं सारवलेलं असायचं. 'पंधरा ते आठ' म्हणजे मधल्या ओळीत पंधरा ठिपके, तिच्या वर आणि खाली प्रत्येक ओळीत एकेक कमी, कडेच्या ओळीत आठ उरेपर्यंत. एका ओळीचे ठिपके दुसरीच्या फटींत पडले पाहिजेत. माझे सुरुवातीला एकाखाली एक पडत. आई ओलं फडकं घ्यायची आणि सगळं पुसून टाकायची. बोलायची नाही. मी पुन्हा मांडायची.

एकदा ते जमले. मग मी अंगणाच्या कोपऱ्यात तिरकी उभी राहून सहज मोजले, तर मधल्या तिरक्या ओळीतही पंधराच ठिपके. पलीकडच्या कोपऱ्यातून मोजले, तिथूनही पंधराच. बाजू मोजल्या, सहाही बाजूंना आठ-आठ. हे कुणी सांगितलेलं नव्हतं, माझं मलाच सापडलं होतं. मी धावत आत गेले आणि आईला सांगितलं. तिनं भाकरी उलथली आणि म्हणाली, "मग? कमी भरलं आस्तं तर पुसलं आस्तं की."

पुढे शाळेत सरांनी कंपासनं वर्तुळ काढून त्यात षटकोन बसवला, तेव्हा वर्गातल्या बाकीच्यांना जादू वाटली. मला फक्त ओळखीचं कुणी भेटल्यासारखं वाटलं. आज मी तेच शिकवते. कागदाची घडी घालायची, कातरायची, उलगडायची. दोन्ही बाजू सारख्या. आरशातली सममिती मुलांना लगेच कळते, आरसा घरोघर असतो. फिरवून जुळणारी सममिती कळायला वेळ लागतो. छताचा पंखा दाखवावा लागतो, पत्त्यातलं राजाचं पान उलटं धरून दाखवावं लागतं. आकृती एका टाचणीवर फिरवली आणि पूर्ण फेरा व्हायच्या आधीच पुन्हा पहिल्यासारखी दिसली, की ती फिरवून जुळणारी. पंधरा ते आठची रांगोळी एका फेऱ्यात सहा वेळा जुळते. परीक्षेला हा प्रश्न मी आवडीनं घालते आणि मुलं तो आवडीनं सोडून देतात.

दारात अर्धी रांगोळी ठेवणं वहिनीला पटेना. फळी उंबऱ्याबाहेर गेली की ती उकिडवी बसून डावी बाजू भरायची. तिनं जन्मात हातानं ठिपक्यांची रांगोळी काढलेली नव्हती. तिचा भरवसा बाजारातल्या छापावर, दाबला की उमटलं. तिची भरलेली बाजू कुठंतरी चुकलेली दिसायची. मी एकदा नीट बघितलं. उजवीकडची पाकळी ज्या अंगाला वळलेली, त्याच अंगाला तिनं डावीकडचीही वळवली होती. आरशात उलटते तशी उलटवायची सोडून जशीच्या तशी उचलून शेजारी ठेवलेली. वाऱ्यानं सगळं फूल एकीकडे लोटल्यासारखं झालं होतं.

मी तिला ते सांगितलं. घडी, आरसा, सगळं सांगितलं.

"वन्सं," ती म्हणाली, "मार्क कापा आन सरका तिकडं. भाकऱ्या ऱ्हायल्यात."

आईला शिकवण्याचा नाद मात्र मी सोडला नाही. फळीच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवली. ती दिसेपर्यंत नजर न्यायची, असा तो उपाय होता.

"आई, लाल पट्टी दिसतीय का?"

बऱ्याच वेळानं, मान ताणून, "दिसती."

"मग तिथं काय हाय?"

"लाल पट्टी."

"आणि काय राहिलंय?"

"काय न्हाय ऱ्हायलेलं. डोस्कं खाऊ नगस."

असे कितीतरी रविवार गेले. माझा स्वभाव फळ्यापाशी घडलेला आहे. तीच चूक पुन्हा पुन्हा झाली की हातातला खडू आपटला जातो. एका रविवारी आईनं अर्धं फूल काढलं, रांगोळीचा डबा बाजूला सरकवला आणि "झाली" म्हणाली. मला राग आला. आईचा नाही, त्या मधल्या ठिपक्याचा, जिथं रेघ दर वेळी ठेच लागल्यासारखी थांबायची. डावी बाजू आपणच भरून मोकळं व्हावं म्हणून मी फळी माझ्याकडे ओढली. ती गुळगुळीत टेबलावर सरकायच्या ऐवजी फिरली. मोकळे ठिपके आईच्या उजव्या हाताला आले.

आईचा चेहरा बदलला. "आन ही कुनी टाकली आशी?" ती म्हणाली. "अर्ध्यात सोडून गेली बया. कामाची काय रीत हाय का न्हाय?"

तिनं डबा पुन्हा ओढला, चिमूट भरली आणि पाकळ्या काढायला लागली. वहिनी स्टुलावरून उठून माझ्या मागे येऊन उभी राहिली. आम्ही दोघी बघत होतो. आईनं स्वतः काढलेलं अर्धं फूल आता तिच्या डावीकडे होतं, म्हणजे तिच्या लेखी नव्हतंच. तरी नवी पाकळी जुन्या पाकळीला बरोब्बर येऊन भिडली. भिडणारच होती, अर्ध्या फेऱ्यात ही रांगोळी स्वतःवर जुळतेच. इतकी वर्षं मी हे पोरांना शिकवत होते आणि ते माझ्या घरी असं कामाला आलं. मला फार आनंद झाला. मी तो लपवलाही नाही, मोठ्यानं हसले.

"हसती काय," आई म्हणाली. "दुसऱ्याची घान मला निस्तारावी लागती."

वहिनीनं सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. आईच्याही.

त्या दिवसापासून डाव्या बाजूचं भांडण मी मिटवून टाकलं. फळी थोडी थोडी फिरवायची, आई उजवीकडचं काढायची. दर फिरवण्याला कुणातरी आळशी बाईला शिव्या बसायच्या आणि रांगोळी पूर्ण व्हायची. डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्यांना कौतुक वाटलं, पण त्यांनी बजावलं की हाताला काम म्हणून हे ठीक, बसणं-बोलणं डावीकडूनच चालू ठेवा. किती फरक पडेल, असं मी विचारलं. बराच काळ झालाय, आता फार फरक पडेलच असं नाही, असं त्या म्हणाल्या.

त्या गेल्यावर वहिनी म्हणाली, "पडंलच आसं न्हाय म्हंजी पडनारच न्हाय आसं बी न्हाय."

तर्काच्या बाजूनं त्यात मला चूक काढता आली नाही. ती पुन्हा स्टुलावर जाऊन बसली.

मग माझ्या लेकीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे बारामतीत माझ्याकडे. आईनं ठरवूनच टाकलं की बाळाचं पहिलं दुपटं पणजीच्या लुगड्याचं असणार आणि ते ती स्वतः शिवणार. दुपटं म्हणजे बाळापुरती लहानशी गोधडी. भाऊ म्हणाला, विकत मिळतात. आईनं त्याला रानात जा म्हणून सांगितलं.

वहिनीनं पेटीतून आईचं सगळ्यात मऊ झालेलं लुगडं काढलं. आत एक थर, वर एक, खाली एक. इंदापूरच्या बाजारातून मी पक्क्या रंगाचा दोरा आणला. गोधडीचे टाके कडेनं सुरू होतात. एक चौकोन, त्याच्या आत बोटभर अंतरावर दुसरा, त्याच्या आत तिसरा, असं आत आत जात मध्य गाठायचा. मोठ्या गोधडीत शिवणारी तिच्यावर बसून सरकत जाते. इथं आई एका जागी आणि कापड टेबलावर. शिवायची कड आईच्या उजव्या हाताला उभी ठेवली, म्हणजे वरच्या कोपऱ्यापासून टाके घालत ती आपल्याकडे यायची. कोपरा आला की मी कापड पाव फेरा फिरवायचं. या कामाला डावी बाजू लागतच नव्हती. आम्ही दोघी कधी मुद्दाम बसून हे शोधलं असतं तर सापडलं नसतं.

डावा हात मात्र लागत होता. शिवताना दुसऱ्या हातानं कापड ताणून धरावं लागतं, नाहीतर झोळ पडतो. आईचा डावा हात मांडीवर निपचित. म्हणून वहिनी डावीकडे, आपल्या स्टुलावर बसून, दोन्ही हातांनी कापड ताणून धरायची. आईला ते हात दिसायचे नाहीत.

"कापड कसं गुमान बसलंय," आई खुशीत म्हणायची. "आदी किती सरकायचं."

वहिनी आवाज न करता हसायची. मला हसू यायचं नाही. एकदा ती तिथूनच म्हणाली, "आत्या, चा आनू का?" आईनं बाहेरच्या दाराकडे बघून उत्तर दिलं, "आन. आन जरा टेक माझ्यापाशी. सारखी काय पळतीस." वहिनी चहा करून घेऊन आली आणि पुन्हा डावीकडेच बसली. कप तिनं तेवढा उजवीकडे ठेवला, सांडेल म्हणून.

मी तिला त्या रात्री पुन्हा म्हणाले, आता पुरे, उजवीकडे ये. ती म्हणाली, दिवाळीपर्यंत बघू. तिला वाटत होतं, इतक्या टाक्यांत एखाद्या टाक्याला मान वळेल. मला तसं वाटत नव्हतं, आणि तिचा हट्ट बघून माझा जीव जळायचा.

चौकोन लहान होत गेले. मी फक्त शनिवार-रविवार असायचे, मधल्या दिवसांत फिरवायचं कामही वहिनीच करायची, एका हातानं धरून दुसऱ्यानं फिरवत. एका रविवारी दुपारी मध्य आला. तळहाताएवढी जागा उरली होती. आईनं त्यावर खणाचं हिरवं ठिगळ ठेवलं, तीन कडा शिवल्या आणि सुई कापडात टोचून ठेवली.

"घास लागंल आता," ती म्हणाली.

आमच्याकडे गोधडी उपाशी ठेवत नाहीत. मधल्या ठिगळाची चौथी कड उघडी असताना पोळीचा एवढासा घास आत सारायचा आणि मग ती शिवून टाकायची. उपाशी गोधडी पांघरणाऱ्याला ऊब देत नाही म्हणतात. आणि शिवणारीनं घास स्वतः उचलून ठेवायचा नसतो. घरातल्या माणसांना जी रांधून घालते, तिनं तो शिवणारीच्या हातात द्यायचा. मी बाळाचं दुपटं आहे, मुंग्या होतील, असं म्हणून पाहिलं.

"मुंग्यास्नी बी प्वाट हाय," आई म्हणाली. विषय संपला.

वहिनी आतून पोळीचा तुकडा तूप-गूळ लावून घेऊन आली आणि डावीकडे आपल्या जागी बसली. तिनं हात पुढे केला. "आत्या, घ्या."

आईनं बाहेरच्या दाराकडे पाहिलं. "कुठं हायस?"

"हितं. तुमच्या डाव्या अंगाला."

आईची मान हलली. हळूहळू टेबलाच्या मध्यापर्यंत आली, ठिगळापर्यंत. वहिनीचा हात तिथून वीतभरच लांब होता. वहिनी पापणी हलवत नव्हती. आई ठिगळाकडे बघत राहिली, आणि मग मान परत दाराकडे गेली.

"गेली जनू," आई मला म्हणाली. "कायम आशीच. हाक मारायची आन पळायचं. घास द्यायला बी थांबंना. माझी गोधडी उपाशी ठिवायची का?"

वहिनीचा हात तसाच पुढे होता. गूळ वितळून तिच्या बोटांवर आला होता. मी सवयीनं फिरवायला म्हणून कापड धरलं, पण आता त्याचा उपयोग नव्हता. बाकी सगळं फिरतं, मध्य होता तिथंच राहतो. मी कापड सोडून दिलं.

मग वहिनी उठली. कॉटच्या पायथ्याकडून वळसा घालून ती उजवीकडे आली आणि पाहुणे बसतात त्या खुर्चीवर बसली. या बाजूला ती कामाला रोज यायची, कप ठेवायला, काठी द्यायला. बसायला कधीच आली नव्हती.

"आले बगा," ती म्हणाली.

आईनं घास घेतला नाही. ती वहिनीकडे बघत राहिली, आधी चेहऱ्याकडे, मग हातांकडे, मग पुन्हा चेहऱ्याकडे.

"किती वाळलीस गं," आई म्हणाली. "कुठं आस्तीस तू? खायला घालत न्हाईत का तुला कुनी?"

इतकी बोलणारी वहिनी, पण तिनं नुसती मान हलवली.

आईनं तिच्या बोटांतून घास काढून घेतला. मला वाटलं आता तो ठिगळात जाईल. तो तिनं वहिनीच्या तोंडाशी नेला.

"आ कर," आई म्हणाली. "गोधडीला दुसरा आन म्हनावं हिला."

हिला म्हणजे मला. मी उठून स्वयंपाकघरात गेले. पोळीचा डबा समोरच होता, तूपही तिथंच होतं. पण मला रडू आलं होतं आणि ते त्या दोघींपुढे नको होतं, म्हणून मी उगाच एकेक भांडं हलवत उभी राहिले.

बाहेर आई म्हणत होती, "चाव नीट. घाई न्हाय. बस आता हितंच."